मैलामागे सोळा हजार

जुने वेस्टर्न सिनेमे आज दाखवावेत का, आणि दाखवले तर आधी इशाऱ्याची पाटी लावावी का, हा वाद काही मिटायला तयार नाही. जून २०२० मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेने १९३९चा ‘गॉन विथ द विंड’ काही दिवस काढून घेतला आणि मग पुढे एक प्रास्ताविक जोडून परत आणला. तेव्हापासून १९३९ सालच्या कुठल्याही हॉलिवूडपटाचं नाव निघालं की दोन फळ्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात. एक म्हणते, हे सगळं वंशवादी आहे, बाजूला ठेवा. दुसरी म्हणते, तो त्या काळाचा सिनेमा आहे, आजच्या चष्म्यातून बघू नका. सेसिल बी. डिमिलचा ‘युनियन पॅसिफिक’ही १९३९चाच. अमेरिकेच्या पहिल्या आरपार रेल्वेची ही कथा. जोएल मॅक्री, बार्बरा स्टॅनविक आणि रॉबर्ट प्रेस्टन प्रमुख भूमिकांत आहेत. महायुद्धामुळे जो पहिला कान्स महोत्सव भरलाच नाही, त्याचं सर्वोच्च पारितोषिक, पाम दोर, २००२ साली मागाहून याच सिनेमाला देण्यात आली. म्हणजे बाजूला ठेवायला सोपा नाही आणि जसाच्या तसा डोक्यावर घ्यायलाही नाही. वादाला अगदी सोयीचा.

पण वाद चाललाय तो साप सोडून भुई धोपटण्याचा. पडद्यावर कुणाचे चेहरे किती दिसले याची मोजदाद होते. या सिनेमाने केलेली सगळ्यात मोठी उलटापालट मात्र दोन्ही फळ्यांच्या नजरेतून निसटते. ती चेहऱ्यांची नाही, पैशाची आहे. ‘युनियन पॅसिफिक’मधला खलनायक रेल्वेचं काम रखडवून पैसा करतो. खऱ्या युनियन पॅसिफिकमध्ये पैसा होता तो काम घाईने उरकण्यात आणि मार्ग लांबवण्यात, आणि तो करणारे कंपनीचे संचालकच होते.

आधी टीकाकारांना त्यांचं देणं देऊन टाकू. सिनेमातले मूळ रहिवासी म्हणजे रुळांवर चालून येणारं संकट, यापलीकडे त्यांना अस्तित्व नाही. पाण्याची टाकी गाडीवर पाडली जाते, डबे लुटले जातात, शेवटी फौजेची गाडी येऊन सुटका करते. या प्रसंगाला आधार आहे. ऑगस्ट १८६७ मध्ये नेब्रास्कात प्लम क्रीकजवळ शायेन टोळीच्या लोकांनी रूळ उखडून एक मालगाडी खरोखर पाडली होती. पण याच मार्गाच्या रक्षणासाठी फ्रँक नॉर्थच्या हाताखाली पॉनी टोळीच्या लोकांचं पथक सैन्याच्या पगारावर घोडे दौडवत होतं. पॉनींचं शायेन आणि लकोटांशी जुनं वैर होतं आणि त्यांनी आपल्या हिशोबाने बाजू निवडली होती. ‘गोरे विरुद्ध इंडियन’ या दोन खणांत हा इतिहास मावत नाही. टीका इथे पूर्ण खरी आहे.

चिनी मजुरांच्या बाबतीत मात्र टीकाकार घाई करतात. ‘वीस हजार चिन्यांनी बांधलेल्या रेल्वेच्या सिनेमात चिनी कुठे आहेत?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो दोन कंपन्यांची गल्लत करतो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोहून पूर्वेकडे ६९० मैल आली ती सेंट्रल पॅसिफिक. तिच्या कामगारांत ऐन भरात दहातले नऊ चिनी होते. नेब्रास्कातल्या ओमाहाहून पश्चिमेकडे १,०८६ मैल गेली ती युनियन पॅसिफिक. तिच्यावर आयरिश होते, यादवी युद्धातून सुटलेले दोन्ही बाजूंचे शिपाई होते, युटात मॉर्मन कंत्राटदार होते. दुसऱ्या कंपनीवरच्या सिनेमात पहिल्या कंपनीचे मजूर शोधायचे आणि सापडले नाहीत म्हणून गुन्हा नोंदवायचा, हे बरोबर नाही. त्याच न्यायाने ‘त्या काळात असंच होतं’ हा बचावही पांगळा ठरतो. जॉन फोर्डचा ‘द आयर्न हॉर्स’ १९२४चा, पंधरा वर्षं आधीचा, मूक. त्यात दोन्ही कंपन्यांचं काम आहे आणि चिनी मजूर आहेत. मग ‘तो काळ’ म्हणजे नेमका कुठला? १९२४ साली जे दिसत होतं ते १९३९ साली काळाच्या पडद्याआड गेलं, असं म्हणायचंय का?

आता पैशाकडे. सिनेमात एसा बॅरोज नावाचा बँकर आहे. वरकरणी तो युनियन पॅसिफिकचा पाठीराखा, आतून त्याने पैसा लावलेला असतो प्रतिस्पर्धी कंपनीवर. म्हणून तो कॅम्पो नावाच्या जुगारअड्डेवाल्याला रुळांच्या टोकावर धाडतो. दारू, पत्ते आणि बाया यांत मजूर गुंतले की काम मागे पडेल, असा त्याचा डाव. नायक बंदोबस्ताचा माणूस. अड्डा मोडायचा, मजुरांना कामाला लावायचं, रूळ पुढे न्यायचे, हे त्याचं काम. या रचनेत बघणाऱ्याला एकच गोष्ट शिकवली जाते: जो रूळ पुढे नेतो तो देशाचा, जो अडवतो तो चोर.

आता खरा हिशोब. १ जुलै १८६२ रोजी लिंकनने सही केलेल्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने कंपन्यांना सरकारी रोखे मिळणार होते ते मैलावर. सपाट मुलखात मैलाला १६ हजार डॉलर, दोन पर्वतरांगांमधल्या पठारावर ३२ हजार आणि ऐन डोंगरात ४८ हजार. शिवाय जमीन. १८६४च्या दुरुस्तीने ती दुप्पट झाली: मैलामागे वीस चौरस मैल, म्हणजे १२,८०० एकर. वीस मैलांचा सलग तुकडा पुरा झाला की सरकारी आयुक्त येऊन बघणार, पास करणार, मग रोखे सुटणार. अशा अटींवर काम घेणारा माणूस काय करेल? जमेल तितक्या लवकर जमेल तितके मैल करेल, आणि शक्य असेल तिथे सपाटीला डोंगर म्हणेल.

दोन्ही झालं. सेंट्रल पॅसिफिकने सिएरा नेवाडाचा पायथा सॅक्रॅमेंटोपासून सात मैलांवर, आर्केड क्रीकच्या सपाट जमिनीवर सुरू होतो, असं भूवैज्ञानिकाच्या दाखल्यानिशी मंजूर करून घेतलं. तिथून मैलाला १६ऐवजी ४८ हजार सुरू. लिंकनच्या श्रद्धेने डोंगर हलवला, अशी कोटी तेव्हापासून चालत आली आहे. युनियन पॅसिफिकने ओमाहाबाहेर सरळ आखलेला मार्ग सोडून दक्षिणेला नऊ मैलांचा वळसा घेतला. कारण सांगितलं ते चढ कमी करण्याचं. नऊ मैलांचे सपाटीच्या दराने १ लाख ४४ हजार डॉलर होतात आणि जमीन १ लाख १५ हजार एकर. पुढे १९०८ साली ‘लेन कटऑफ’ हा सरळ मार्ग बांधून कंपनीने स्वतःच तो वळसा मोडीत काढला.

याहून मोठी गोम कंत्राटात होती. कंपनीचे मुख्य अभियंता पीटर डे यांचा अंदाज होता मैलाला जास्तीत जास्त ३० हजारांचा. उपाध्यक्ष थॉमस ड्युरंट यांनी कंत्राट दिलं ५० हजारांनी. डे यांनी डिसेंबर १८६४ मध्ये राजीनामा दिला. ते कंत्राट आणि त्यानंतरची कंत्राटं फिरून गेली क्रेडिट मोबिलिए या कंपनीकडे, आणि तिचे भागधारक म्हणजे युनियन पॅसिफिकचे संचालकच. टेबलाच्या अलीकडे बसून बिल लावायचं, पलीकडे जाऊन ते मंजूर करायचं. युनियन पॅसिफिक कर्जात बुडत होती आणि तिचं बांधकाम करणारी कंपनी लाभांश वाटत होती. कुंपणच शेत खात होतं, आणि शेताच्या मालकाला म्हणजे काँग्रेसला गप्प ठेवायला तिच्या सदस्यांना क्रेडिट मोबिलिएचे शेअर बाजारभावापेक्षा स्वस्तात देण्यात आले. ते वाटणारे खासदार होते ओक्स एम्स. सप्टेंबर १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राने हे छापलं, फेब्रुवारी १८७३ मध्ये प्रतिनिधिगृहाने एम्स यांच्यावर ठपका ठेवला. ओक्स एम्स हे पात्र डिमिलच्या सिनेमात आहे. कोणत्या बाजूला? भल्या माणसांच्या.

‘सिनेमा म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे’ हा बचाव इथे येतो आणि तो मी हलका मानत नाही. दोन तासांच्या खेळात रोखे आणि लाभांश दाखवून कोण तिकीट काढेल? खलनायकाला चेहरा लागतो, कंत्राटाच्या कलमाला चेहरा नसतो. कबूल. पण डिमिलने पैशाचा विषय टाळलेला नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. त्याने बँकर घेतला, शेअरबाजार घेतला, लाचखोरी घेतली. सगळं घेतलं आणि बाण उलटा काढला. चेहराच हवा होता तर ड्युरंटचा आयता होता. भरजरी, हरहुन्नरी, दोन्ही हातांनी ओढणारा माणूस. याच्याहून चांगला खलनायक कुठल्या पटकथालेखकाला सुचला असता? पण प्रत्यक्ष युनियन पॅसिफिक कंपनी सिनेमाच्या मदतीला होती. पहिला खेळ ओमाहात, तिच्या मुख्यालयाच्या गावी, २८ एप्रिल १९३९ला गाजावाजा करून झाला, आणि लॉस एंजेलिसहून नटनट्यांची खास गाडी तिथे गेली. यजमानाच्या घरात बसून यजमानाच्या आजोबांची चोरी कोण काढतो?

या उलट्या बाणाचा परिणाम प्रत्यक्ष कामाच्या चित्रणावरही होतो. रूळ टाकण्याचं तंत्र खरोखर बघण्यासारखं होतं. युनियन पॅसिफिकचे रूळ टाकणाऱ्या केसमेंट बंधूंची कामगाडी रुळांच्या टोकाशी उभी असे. घोड्याने ओढलेली ठेंगणी गाडी रूळ घेऊन पुढे येई. दोन्ही बाजूंना पाच-पाच जण. रुळाचं टोक धरायचं, पळत पुढे न्यायचं, हुकूम झाला की खाली. एका टोळीला एका रुळामागे तीस सेकंदही लागत नसत. दोन टोळ्या मिळून मिनिटाला चार रूळ. मागून गेजवाला अंतर तपासतो, त्यामागून हातोडेवाले: खिळ्याला तीन घाव, रुळाला दहा खिळे, मैलाला चारशे रूळ. यात शिस्त होती, ताल होता, आणि पडद्यावर तो छानच दिसतो. दिसत नाही ते रुळाच्या खालचं. नेब्रास्काच्या माळावर झाडं नाहीत, म्हणून प्लॅट नदीकाठच्या कॉटनवुडचे स्लीपर वापरले. हे लाकूड इतकं मऊ की खिळा धरत नाही आणि लवकर कुजतं. ओमाहात त्यात दाबाखाली झिंक क्लोराइड भरत, पण थोड्याच वर्षांत ते स्लीपर बदलावे लागले. १८६८-६९च्या हिवाळ्यात वासॅच डोंगरात गोठलेल्या भरावावर, काही ठिकाणी तर बर्फावरच, स्लीपर मांडून रूळ ठोकले. खाली खडी नाही. उन्हाळा लागला की बर्फाचं पाणी होणार, भराव खचणार, रूळ वाकणार, हे साध्या गँगमनलाही कळतं. डेल क्रीकवरचा लाकडी पूल सुमारे ६५० फूट लांब आणि सव्वाशे फुटांहून उंच. तुळया शिकागोत कापून आणलेल्या. वायोमिंगच्या वाऱ्यात तो इतका हले की दोन्ही बाजूंनी तारांचे ताण द्यावे लागले. आठ वर्षांत, १८७६ साली, तिथे लोखंडी पूल आला.

हे सगळं अडाण्यांचं काम होतं का? मुळीच नाही. ग्रेनव्हिल डॉजसारखे अभियंते आपला धंदा पक्का जाणत होते. आधी आयुक्तांकडून मैल पास करून घ्या, दुरुस्ती नंतर येणाऱ्या कमाईतून, हा विचार करूनच केलेला व्यवहार होता. मैलावर पैसे देणाऱ्या कायद्याने जे मागितलं तेच त्याला मिळालं: मैल.

मजुरीचंही तेच. सिनेमात मजुरांचा पगार लुटला जातो आणि तो परत मिळवण्यात नायिकेचा मोठा हात असतो. पगार का मिळत नाही? तर दरोडा पडला म्हणून. प्रत्यक्षात मे १८६९ मध्ये, दोन्ही मार्ग जोडणाऱ्या शेवटच्या खिळ्याच्या समारंभाला निघालेल्या ड्युरंटचा खास डबा वायोमिंगमधल्या पिडमाँटला मजुरांनी अडवला, बाजूच्या रुळावर लोटला आणि जखडून ठेवला. महिन्यांची मजुरी थकली होती. पैसे आल्याशिवाय साहेब हलणार नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. तारा गेल्या, पैसे आले, साहेब सुटले. एका पुलाचीही वाटेत पडझड झाली होती. दोन्ही मिळून ८ मेचा समारंभ १० मेवर गेला आणि सेंट्रल पॅसिफिकची मंडळी युटात प्रॉमंटरीला, म्हणजे भेटीच्या जागी, ताटकळत बसली. गंमत म्हणजे हा घेराव कंपनीकडून पैसे उकळायला ड्युरंटनेच घडवून आणला असावा, असा संशय खुद्द कंपनीतल्या काहींना होता! असा प्रसंग हातात असताना साध्या दरोड्यावर भागवायचं, याला काय म्हणावं?

पलीकडच्या कंपनीत चित्र वेगळं नव्हतं. सिएराच्या माथ्यावरचा १,६५९ फुटांचा बोगदा ग्रॅनाइटमधून काढायचा होता. दोन्ही तोंडांकडून आणि मध्ये विहीर पाडून आतून दोन्हीकडे, अशा चार तोंडांनी काम चाले. बंदुकीच्या काळ्या दारूने दिवसाला जेमतेम फूटभर सरके. जागेवर नायट्रोग्लिसरीन बनवायला लागल्यावर वेग जवळपास दुप्पट झाला. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी काम थांबवलं. मागणी: महिन्याला ४० डॉलर आणि बोगद्यात कमी तास. कंपनीच्या बांधकामाचा प्रमुख चार्ल्स क्रॉकर याने डोंगरातला शिधा बंद केला आणि आठवड्याभरात संप मोडला. पगारपत्रकावर बहुतेक चिन्यांची नावं नाहीत, मुकादमाचं नाव आणि पुढे टोळीचा आकडा. २८ एप्रिल १८६९ रोजी सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात दहा मैल छप्पन्न फूट रूळ टाकले. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश माणसांची नावं लिहून ठेवलेली आहेत. स्लीपर मांडणाऱ्या, खिळे मारणाऱ्या, खडी ठोकणाऱ्या चिन्यांतल्या कुणाचंही नाही. ओमाहातल्या त्या पहिल्या खेळाची तारीखही २८ एप्रिलच होती, बरोबर सत्तर वर्षांनंतरची. कुणाच्या लक्षात आलं असेल तर नवल.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. सॅक्रॅमेंटोत पहिली कुदळ पडली ८ जानेवारी १८६३ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरघाटातून पहिली गाडी गेली. इथे मैलामागे पैसे नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती, आणि कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे तिकडे घाई करायला उत्तेजन आणि इकडे काटकसर न करायला. पुढे अर्थखात्याच्या एका माजी सदस्याने इंग्लंडात साक्ष देताना कबूल केलं की हमी मिळाल्यावर पैसा हुगळीत फेकला की विटाचुन्यात घातला, याचं धनको माणसाला सोयरसुतक नव्हतं. बोरघाटावर ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं राबत होती, पटकीने आणि तापाने मरत होती, आणि घाटातला महू की माळीचा पूल १८६७च्या पावसाळ्यात कोसळला. मुकादम होतेच. पण आपल्याकडे या घाटाची जी गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली ती शिंग्रोबाची. घाटाची वाट दाखवणारा धनगर आणि बक्षीस म्हणून त्याला मिळालेली गोळी. ही दंतकथा आहे, कागदावरचा पुरावा नाही. तिलाही एक बळी आणि एक मारेकरी लागतो. पाच टक्क्यांची हमी तिच्यातही नाही. फरक एवढाच की आपल्या दंतकथेने दोषी धरला तो बांधून घेणाऱ्याला. हॉलिवूडच्या दंतकथेत बांधून घेणारा निर्दोष, आणि दोषी तो वाट अडवणारा.

दुसऱ्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि या वादात तो फारसा कुणी मांडत नाही. रोखे हे दान नव्हतं, तीस वर्षांचं सहा टक्के व्याजाचं कर्ज होतं, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत त्यातलं बरंचसं व्याजासह वसूलही झालं. रिकाम्या माळावर, गिऱ्हाईक नसताना, खासगी भांडवल दुसऱ्या कशाने आलं असतं? आणि सहा महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला हे खोटं आहे का? नाही. पण कर्ज फिटलं म्हणजे हिशोब मिटला असं होत नाही. कंत्राटातला पैसा वरच्या वर गेला. मागे राहिल्या कर्जाखाली वाकलेल्या कंपनीतल्या साध्या भागधारकांच्या चिठ्ठ्या, युटातल्या मॉर्मन कंत्राटदारांची थकलेली बिलं, आणि १८९३ साली युनियन पॅसिफिकचं दिवाळं. रेल्वे झाली ती या व्यवस्थेमुळे, आणि तिच्यात जी खोट राहिली तीही याच व्यवस्थेमुळे. ही दोन वाक्यं एकत्र म्हणणारा सिनेमा काढता आला असता. नायक आणि खलनायक दोघंही ड्युरंट, असा.

म्हणून इशाऱ्याची पाटी लावायची तर जरूर लावा, माझी हरकत नाही. फक्त ‘या चित्रपटात काही समाजांचे अवमानकारक चित्रण आहे’ एवढ्यावर ती थांबली तर तिने प्रेक्षकाला तेच सांगितलं जे त्याला पडद्यावर उघड दिसतंय. त्याला दिसत नाही ते युटात जमिनीवर आहे. १८६६च्या कायद्याने दोन्ही कंपन्यांना जिथे भेट होईल तिथपर्यंत बांधत जायची मुभा दिली, भेटीची जागा ठरवलीच नाही. मग दोघांच्या भरावाच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या आणि दोनशेहून जास्त मैल समांतर भराव घालत राहिल्या. भेटीची जागा ठरली एप्रिल १८६९ मध्ये, समारंभाच्या जेमतेम महिनाभर आधी. प्रॉमंटरीच्या पूर्व उतारावर एकच घळ दोघांनी शेजारी शेजारी ओलांडली आहे. सेंट्रल पॅसिफिकने माती आणि दगड ओतून सुमारे १७० फूट उंचीचा भराव घातला. तिथून जवळच युनियन पॅसिफिकने, भरावाला वेळ नाही म्हणून, ४०० फुटांचा लाकडी सांगाडा सुमारे सव्वा महिन्यात उभा केला. पहिल्या गाड्या त्या सांगाड्यावरून गेल्या. लवकरच त्याचा भरवसा वाटेनासा झाला आणि रूळ शेजारच्या भरावावर हलवले. १९०४ साली मुख्य मार्ग ग्रेट सॉल्ट लेकवरून गेला, १९४२ साली युद्धासाठी इथले रूळ उपटून नेले. भराव अजून उभा आहे. शेजारी सांगाड्याच्या दोन टोकांना युनियन पॅसिफिकची मातीची वाट येऊन थांबते, आणि मध्ये काहीच नाही.